साडेआठ म्हणजे साडेआठ

पेनांगला जहाज संध्याकाळी पाच वाजता धक्क्याला लागलं आणि साडेआठपर्यंत सगळ्यांनी परत चढायचं होतं. म्हणजे साडेतीन तास. त्यातला अर्धा तास उतरायच्या रांगेत जाणार, पंधरा मिनिटं परत चढायच्या रांगेत. उरले पावणेतीन. हा हिशेब मी सकाळीच करून ठेवला होता. कुणाला सांगितला नाही, कारण आदल्या दिवसापासून आमच्या चौदा माणसांपैकी माझ्याशी धड कुणी बोलत नव्हतं. बायकोसुद्धा.

जहाजाचा तो शेवटचा थांबा. सिंगापूरहून निघालो, फुकेतला गेलो, आता पेनांग, आणि पुढे एक अख्खा दिवस पाण्यात काढून परत सिंगापूर. सहल थोरल्या साडूंची कल्पना. ते बारामतीला असतात, तिथं त्यांचं फरशीचं दुकान आहे. तिकिटं त्यांच्या ओळखीच्या एजंटाकडून काढलेली. बाकीचा गोतावळा बायकोच्या माहेरचा, सणसरचा. चुलते, चुलत भाऊ, त्यांच्या बायका. इंदापूरचे आम्ही दोघंच. साडू आम्हाला 'टेलची माणसं' म्हणतात. कालव्याच्या तोंडाशी जो असतो त्याला पाणी आधी मिळतं आणि शेवटच्या टोकाला, म्हणजे टेलला, उरलंसुरलं, तेही उशिरा. बारामती वर, इंदापूर खाली. माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, हा विनोद सव्वीस वर्षं चालू आहे. जाताना विमानतळावर मी सगळ्यांना लवकर रांगेत उभं केलं, तेव्हाही ते म्हणाले, "टेलच्या माणसाला घाई असतीच. त्याला सारखं वाटतं, आपल्यापत्तूर पाणी पोचतंय का न्हाय."

सगळे हसले. मीही हसलो असेन.

एजंटानं सोबत माणूस दिला नव्हता. त्यामुळे कागद वाचणं, वेळा सांगणं आणि माणसं मोजणं माझ्याकडे आलं. मी कारखान्याच्या टाइम ऑफिसात आहे. एकोणतीस वर्षं हजेरी ठेवतो. कुणाच्या हजेरीत मी एक मिनिट इकडचं तिकडं केलेलं नाही. माझ्याच चुलत भावाचा अर्धा दिवस कापला आहे आणि तो अजून आमच्या घरी येत नाही. सगळ्यांचे पासपोर्टही माझ्याजवळ होते. चौदा, रबर लावून, गळ्यातल्या काळ्या बॅगेत. खाली उतरताना प्रत्येकानं जहाजाचं कार्ड आणि पासपोर्टची झेरॉक्स जवळ ठेवायची, मूळ पासपोर्ट माझ्याकडे राहणार. हा नियम मीच केला होता आणि तो बरोबर होता.

पण घरच्या माणसांना मी खरी वेळ कधी सांगत नाही. आमच्या भागात पत्रिकेवर मुहूर्त बारा पस्तीसचा छापलेला असतो आणि अक्षता दीडला पडतात. छापणाऱ्याला ते माहीत असतं आणि वाचणाऱ्यालाही. बारा पस्तीस वाचून माणूस सव्वाला घरातून निघतो. अशा माणसांना खरी वेळ सांगून भागत नाही, मागं ओढूनच सांगावी लागते. एसटी नऊची असेल तर मी साडेआठ सांगतो. दवाखान्याचा नंबर अकराचा असेल तर दहा. घरातलं भिंतीवरचं घड्याळ बारा मिनिटं पुढं आहे. बायकोला हे सगळं ठाऊक आहे. मी सांगितलेल्या वेळेत काय मिळवायचं ते ती मनात मिळवते आणि बरोबर वेळेवर तयार होते. याला मी कधी खोटं बोलणं समजलो नाही. गाड्या मिळत होत्या, संसार चालला होता.

फुकेतला ते उघडं पडलं. तिथं जहाज लांब समुद्रात उभं राहिलं आणि लहान बोटींनी आम्हाला किनाऱ्यावर सोडलं. परतीची शेवटची बोट चारला होती. मी सगळ्यांना सव्वातीन सांगितलं. तीनला बायकोला पाण्यातून बाहेर बोलावलं. ती साडी वर खोचून पोटरीएवढ्या पाण्यात उभी होती. समुद्रात पाय घालायची तिची आयुष्यातली पहिली वेळ, आणि तिला उतरून अकरा मिनिटं झाली होती. त्याआधीचा वेळ मी सगळ्यांना एका जागी गोळा करण्यात आणि चपला, पिशव्या मोजण्यात घालवला होता.

"अजून पाच मिन्टं," ती म्हणाली.

"बोट जाईल," मी म्हणालो.

ती आली. सव्वातीनला आम्ही चौदाही जण धक्क्यावर हजर. तिथं भला मोठा फळा होता आणि शेवटची बोट चार वाजता असं त्यावर लिहिलेलं. साडूंचं इंग्रजी बेताचं आहे, पण आकडा वाचायला इंग्रजी लागत नाही.

"पाव्हणं," ते मोठ्यानं म्हणाले, "ह्यो आकडा चाराचा हाय का सव्वातीनचा?"

मी पिशव्या परत मोजायला लागलो.

"आरं, कारखान्यात दोन भोंगं असत्यात," ते सगळ्यांकडं वळून सांगायला लागले. "पहिला भोंगा म्हंजे उठा, आवरा. दुसरा भोंगा म्हंजे कामाला लागा. आमच्या पाव्हण्यांनी पहिला वाजवलाय. दुसरा व्हायचाय अजून. जावा, पवा जावा परत."

परत पाण्यात कुणी गेलं नाही, कारण पाय पुसून, चपला घालून सगळे तयार होते. पाऊण तास ते उन्हात उभे राहिले आणि माझ्याकडे बघत राहिले. बायको बघत नव्हती. बोटीत ती आक्काशेजारी जाऊन बसली. आक्का म्हणजे तिची थोरली बहीण, साडूंची बायको. खोलीवर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "एष्टीचं मी समजून घेतलं असतं. मला पाण्यातनं काढलं तुमी."

त्यानंतर जेवायच्या टेबलावर मी बसलो की बाकीच्यांना दुसरीकडे जागा दिसायची. सकाळी नाष्ट्याला गेलो तर साडू म्हणाले, "भोंगा आला," आणि सणसरच्या दोन सुना तोंडाला पदर लावून हसल्या.

तेव्हाच मी ठरवलं की पेनांगला खरी वेळ सांगायची. एक मिनिट कमी नाही की जास्त नाही. आणि आणखी एक ठरवलं, ते सांगायला बरं वाटत नाही. वेळेचं छापील पत्रक रोज प्रत्येक खोलीत यायचं. बाकीचे त्यावर फळांच्या साली ठेवायचे. मीच ते घेऊन जायचो आणि वाचून दाखवायचो. आता ते न्यायचं नाही. एकोणतीस वर्षं माझ्या सहीवर माणूस हजर किंवा गैरहजर ठरतो, आणि इथं मी आरोपीसारखा कागद पुढे करत बसू?

शिडीच्या तोंडाशी सगळे जमले. मी म्हणालो, "परत यायची वेळ साडेआठ."

"पहिला का दुसरा?" साडू.

हशा झाला.

"साडेआठ म्हणजे साडेआठ. आता तुमचं तुमी बघा."

बायको माझ्याजवळ आली. कालपासून पहिल्यांदाच. हळू आवाजात तिनं विचारलं, "खरी हाय का?"

सव्वीस वर्षांत तिनं हा प्रश्न कधी विचारला नव्हता. तिला कधी विचारायची गरज पडली नव्हती. मी 'हो' म्हणायला पाहिजे होतं. एवढंच काम होतं.

"तुला काय वाटतं?" मी म्हणालो.

तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि ती आक्काच्या बरोबर चालायला लागली.

"जहाज नऊला सुटतंय," साडू पुढं चालता चालता त्या दोघींना सांगत होते. "मी सोता पाटीवर वाचलंय. साडेआठ ह्यांची, नऊ जहाजाची. सरळ हिशोब हाय."

ते खोटं नव्हतं. जहाज नऊलाच सुटणार होतं. पण चढायचं साडेआठपर्यंत, त्यानंतर शिडी काढतात. कंडक्टरनं डबल बेल दिल्यावर पळत जाऊन दांडा धरायची सोय तिथं नसते. हे मला सांगता आलं असतं. त्यांच्या पाठी वीस पावलांवर दिसत होत्या. मी हाक मारली नाही.

मी तात्यांबरोबर फिरलो. तात्या म्हणजे बायकोचे चुलते, बहात्तर वर्षांचे, गुडघ्यांमुळे फार चालत नाहीत. धक्क्यापासून थोड्या अंतरावर तमिळ दुकानांचा रस्ता होता. मोगऱ्याचे गजरे, पितळी समया, इडलीच्या भांड्यांची वाफ, दुकानादुकानातून सिनेमाची गाणी. तात्या एका गजऱ्याच्या टोपलीशी थांबले.

"एवढा समिंदर तुडवून आलो, आन हितं बी गजरंच," ते म्हणाले. मग पुढच्या बाकावर बसून त्यांनी विषय काढला. "जावईबापू, तुमच्या दोघांचं बिनसलंय जणू."

"व्हय."

"कशावरनं?"

"वेळेवरनं."

"वेळंवरनं?" त्यांनी जरा विचार केला. "आमच्या टायमाला बांधावरनं बिनसायचं. बांध दिसतो तरी."

मी घड्याळ बघितलं. मला त्या गावातलं काही आवडलं नाही. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. रस्ता ओलांडायचा दिवा एकवीस सेकंदांचा होता आणि तात्यांना तो दोनदा पुरला नाही. आठला आम्ही परत निघालो आणि आठ बाराला जहाजावर चढलो. मग मी शिडीच्या आतल्या बाजूला उभा राहून मोजायला लागलो. सणसरची माणसं दोनदोन, तीनतीन करून आली. माझ्याकडे न बघता पुढे गेली, पण आली. आठ पंचवीसला मला धरून अकरा झाले. तिघं बाकी. साडू, आक्का आणि माझी बायको.

आठ एकतीसला पांढऱ्या गणवेशातल्या अधिकाऱ्यानं कागदावरून तीन नावं वाचली आणि विचारलं की ही माणसं कुणाची. मी हात वर केला. बाहेर धक्क्यावर दोन माणसं शिडीजवळ येऊन उभी राहिली होती.

साडूंच्या फोनमध्ये परदेशात चालणारं कार्ड होतं. मी जहाजाच्या वायफायवरून फोन लावला. त्यांनी उचलला. मागे घंटा आणि नगारा.

"पाव्हणं, कुठं हाय?"

"देवळात. देवीचं देऊळ घावलंय हितं. आरती चाललीय. ह्या दोघी ओटी भरत्यात."

"साडेआठ होऊन गेले. शिडी काढायला माणसं आलीत."

"वाजला का पहिला भोंगा?"

"चेष्टा न्हाय. खरंच वेळ झालीय."

"काल बी खरंच हुती की." तिकडं ते हसले. "आरतीतनं बायामान्सांना उठवू का मी? तुमीच सांगा तुमच्या बायकुला." फोन दुसऱ्या हातात गेला.

"काय?" बायको म्हणाली.

"लगेच निघा. जहाज जाईल."

 ती म्हणाली, "बोट बी जाणार हुती." आणि फोन बंद झाला.

मी परत लावला. उचलला नाही. परत लावला. तेव्हा आठ चौतीस झाले होते. मला त्या वेळी भीती वाटायला पाहिजे होती. परक्या मुलुखात बायको, तिच्याजवळ एक झेरॉक्स. पण खरं सांगायचं तर भीती नंतर आली. आधी राग आला, आणि त्या रागात थोडं समाधानही होतं. राहा म्हणावं मागं. एकदाच सगळ्यांना कळेल, माझी साडेआठ ही साडेआठ होती.

आठ चाळीसला तो अधिकारी परत आला. शांत होता, रोजचंच काम असल्यासारखा. जी माणसं मागं राहतात त्यांचे पासपोर्ट आम्ही धक्क्यावरच्या आमच्या माणसाकडे देऊन जातो, म्हणजे ती विमानानं पुढं जाऊ शकतात, असं त्यानं सांगितलं. तिघांचे द्या.

मी बॅगेची चेन उघडली आणि रबर काढलं. साडूंचा काढला, आक्काचा काढला. मग तिचा. फोटोत तिचे केस कानांमागे ओढलेले आहेत. ते तिला आवडलेलं नव्हतं, पण कान दिसले पाहिजेत हा नियम मी तिला स्टुडिओत वाचून दाखवला होता. तीन पासपोर्ट मी हातावर एकावर एक ठेवले.

तात्या शेजारच्या कोचावर बसून बघत होते. "आन तुमचा?" ते म्हणाले.

"माझा कशाला?"

"न्हाय, इचारलं आपलं."

त्यांनी विचारलं म्हणून मी विचार केला. उरलेल्या दहा माणसांचे पासपोर्ट माझ्या बॅगेत होते. विमानाचे कागद माझ्याकडे होते. त्या दहांत एकालाही इंग्रजी अर्ज भरता येत नव्हता. तात्यांच्या गोळ्यांच्या वेळा मला माहीत होत्या. तिकडं त्या दोघींबरोबर एक धडधाकट पुरुष होता. मी खाली उतरलो तर तिघांऐवजी चौघं अडकणार आणि दहा जण वाऱ्यावर. उतरून मिळणार काहीच नव्हतं. एवढा हिशेब चेन परत लावेपर्यंत झाला. तो हिशेब त्या वेळी बरोबर होता आणि आजही मला त्यात चूक सापडत नाही.

मी तीन दिले.

अधिकारी शिडी उतरून गेला आणि खालच्या माणसाच्या हातात ते पासपोर्ट ठेवून परत आला. शिडीजवळच्या दोघांनी हातमोजे चढवले. आठ सेहेचाळीसला फाटकातून एक टॅक्सी आत आली आणि जेवढी जवळ येऊ देतात तिथं करकचून थांबली. पहिली आक्का उतरली, चपला हातात घेऊन पळत. मागे साडू, पोट धरून. सगळ्यात शेवटी बायको. तिच्या पदराच्या गाठीत काहीतरी जड होतं, ते ती एका हातानं सांभाळत होती. प्रसादाचा नारळ होता, हे नंतर दिसलं. खालच्या माणसानं तिघांना थांबवलं. चेहरे आणि फोटो ताडून बघितले आणि तिन्ही पासपोर्ट बायकोच्या हातात दिले, कारण साडू गुडघ्यांवर हात टेकून वाकले होते आणि आक्काच्या दोन्ही हातांत चपला होत्या.

मी वरून हे सगळं बघितलं. ते शिडीला लागले तेव्हा कुठं भीती आली, आणि तिघंच असूनही मी त्यांना दोनदा मोजलं.

साडू वर आले ते घामानं निथळत. "नऊला सुटतंय न्हवं?" त्यांनी अधिकाऱ्याला मराठीतच विचारलं. त्यानं त्यांच्याकडे बघितलंही नाही. मग ते माझ्याकडे वळले. "आवो, धड सांगायचं की राव एकदा, आज खरी वेळ हाय म्हणून."

"सांगितली होती."

"तशी तुमी रोजच सांगता."

या वेळी कुणी हसलं नाही. "बास करा आता," तात्या म्हणाले. आक्का चपला घालत होती आणि रडत होती.

बायको अजून शिडीच्या तोंडाशीच उभी होती. तिनं एक पासपोर्ट उघडला, फोटो बघितला, मिटला. दुसरा उघडला. तिसरा उघडला. खाली-वर करून परत बघितले.

"तुमचा?" तिनं विचारलं.

"माझा बॅगेत हाय."

"खाली दिला न्हवता?"

मी तिला सगळं सांगितलं. दहा माणसं, विमानाचे कागद, अर्ज, तात्यांच्या गोळ्या, तिघांऐवजी चौघं. मुद्दा सोडला नाही एकही. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. हिशेब तिला माझ्याइतकाच कळतो.

"बरोबर हाय," ती म्हणाली. "तुमी उतरला असता तर चार झाली असती. तीन कमी."

"तसं न्हाय—"

"तसंच हाय. कुठं चुकलं न्हाय तुमचं."

मागे शिडी ओढल्याचा आवाज आला आणि दार बंद झालं. मी हात पुढे केला. तिनं साडूंचा आणि आक्काचा पासपोर्ट माझ्या हातावर ठेवला. तिसरा तिनं आपल्या पर्समध्ये टाकला आणि पर्सचं बटण लावलं.

"दे इकडं, हरवेल," मी म्हणालो.

"हरवू दे. माझा हाय."

दुसरा दिवस सगळा पाण्यात गेला. ती आक्काबरोबर वरच्या डेकवर बसली होती. मी दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा त्यांचं बोलणं थांबलं. तिसऱ्यांदा गेलो नाही. साडूंनी त्या दिवशी भोंग्याचा विषय काढला नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच ते मला परक्यासारखं, अदबीनं 'भावजी' म्हणाले, आणि ते मला जास्त लागलं.

सिंगापूरच्या विमानतळावर मी सगळ्यांना एका खांबाजवळ उभं केलं आणि पासपोर्ट मोजले. तेरा भरले. मग आठवलं.

ती शेजारच्या रांगेत एकटीच उभी होती, पासपोर्ट हातात धरून. तिच्या पुढची माणसं सरकली तशी ती खिडकीशी पोचली. खिडकीतल्या मुलीनं तिला काहीतरी विचारलं. बॅगेत बॅटरी आहे का, असा प्रश्न होता. मला सहा फुटांवरून स्पष्ट ऐकू आला. तिला कळला नाही. तिनं मान हलवून परत विचारायला लावलं. मुलीनं हळू, एकेक शब्द सुटा करून विचारलं. बायकोनं तिच्या ओठांकडे बघितलं आणि स्वतःच्या बॅगेकडे बघितलं. मला उत्तर माहीत होतं, ती बॅग मीच भरली होती. ती माझ्या बाजूला वळली नाही. खाली वाकून तिनं बॅग उघडली आणि त्या मुलीला आतलं एकेक सामान वर धरून दाखवायला लागली.